गाडी उभीच असते, मग ऑइल कशाला बदलायचं?

दादरहून एका निवृत्त गृहस्थांनी विचारलं आहे: ‘माझ्याकडे २०१७ची छोटी पेट्रोल गाडी आहे. नोकरी संपल्यापासून वर्षाला जेमतेम दोन हजार किलोमीटर चालते. भाजी, डॉक्टर, सिद्धिविनायक, क्वचित पुण्याला लेकीकडे. एरवी सोसायटीच्या आवारात उभी. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी खाली जाऊन दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो. सर्व्हिस सेंटरवाले दर वर्षी ऑइल बदलतात. मुलगा म्हणतो, दहा हजार किलोमीटरचं ऑइल दोन हजारांत काढून टाकणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. खरं काय? शिवाय हिची स्कूटर तर त्याहून कमी फिरते, तिचं काय करायचं?’

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. ऑइल दर वर्षी बदला, फिल्टरसकट. आणि रविवारची ती दहा मिनिटं आजपासून बंद करा. यातली दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. तुमच्या इंजिनाचं नुकसान उभं राहण्याने होत असेल त्याहून जास्त त्या दहा मिनिटांनी होतंय.

मुलाचा हिशेब वरवर बरोबर दिसतो, कारण किलोमीटर डोळ्यासमोर असतात. पण गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडून बघा. बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात ‘१०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं. वाक्याचा पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो, दुसरा राहत नाही. आणि बारा महिन्यांची अट कंपनीने गिऱ्हाइकाला दर वर्षी दारात आणण्यासाठी घातली आहे, असा समज पक्का बसलाय. वॉरंटी चालू असेल तर ती अट पाळावीच लागते, नाहीतर उद्या इंजिनाचं काम निघालं की कंपनी हात वर करते. पण वॉरंटी संपल्यावरही त्या बारा महिन्यांना अर्थ आहे. तो समजून घेण्यासाठी इंजिनाच्या आत डोकवावं लागेल.

एक लीटर पेट्रोल जळलं की साधारण एक लीटर पाणी तयार होतं. ऐकून पटत नाही, पण पेट्रोलमधला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की दुसरं काय होणार? हे पाणी वाफेच्या रूपात सायलेन्सरवाटे बाहेर जातं. सकाळी गाडी काढल्यावर सायलेन्सरच्या टोकाला थेंब टपकताना तुम्ही पाहिले असतील, ते हेच. मात्र सगळं पाणी बाहेर जात नाही. पिस्टनच्या रिंगा आणि सिलेंडरची भिंत यांच्या फटीतून जळलेल्या वायूचा थोडा भाग खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, उतरतो. त्याच्याबरोबर वाफ असते, न जळलेलं पेट्रोल असतं आणि पाण्यात मिसळलं की आम्ल होणारे वायू असतात. हे सगळं इंजिनातल्या सगळ्यात थंड जागी, म्हणजे ऑइलमध्ये, जाऊन बसतं.

इंजिन थंड असताना हे प्रमाण वाढतं. पिस्टन अजून फुगलेला नसतो, त्यामुळे फट मोठी असते. थंड इंजिन नीट चालावं म्हणून कॉम्प्युटर पेट्रोलही जास्त सोडतो. ते पुरतं जळत नाही, सिलेंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळून त्याला पातळ करतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते पाण्याला धरून ठेवतं.

मग रोज चालणाऱ्या गाडीचं ऑइल खराब का होत नाही? कारण ते रोज तापतं. ऑइल ९०-१०० अंशांपर्यंत जाऊन तिथे काही वेळ राहिलं की त्यातलं पाणी उडतं, इथेनॉल तर ७८ अंशांनाच उडतं, पेट्रोलचाही बराच भाग निघून जातो. ही वाफ चेंबरमधून एका नळीवाटे परत इंजिनात ओढली जाते आणि जळून जाते. रोज ठाणे ते अंधेरी करणाऱ्याच्या गाडीत ही सफाई आपोआप होत असते. तुमच्या गाडीत कचरा जमा होतो, पण तो काढायला लागणारी उष्णता कधी मिळतच नाही.

इथे बहुतेकांची एक गल्लत होते. डॅशबोर्डवरचा काटा मधोमध आला की इंजिन तापलं असं धरलं जातं. तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा असतो. कूलंट चार-पाच किलोमीटरमध्ये गरम होतं, ऑइलला त्याच्या साधारण दुप्पट वेळ लागतो. दादरहून सिद्धिविनायकाला जाऊन आलात तर जाताना कूलंट तापलं, दर्शनाच्या रांगेत सगळं निवलं, येताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोन थंड स्टार्ट झाले आणि ऑइल एकदाही पुरतं तापलं नाही.

म्हणून मी गिऱ्हाइकाला गाडी किती चालली हे नंतर विचारतो. आधी विचारतो, कुठे कुठे जाते? वर्षाला दोन हजारच किलोमीटर चालणाऱ्या दोन गाड्या घ्या. एक गणपतीला आणि शिमग्याला मालकाला घेऊन कोकणात जाते, एरवी कव्हर घालून उभी असते. दुसरी रोज स्टेशनपर्यंत सोडायला आणि आणायला जाते. मीटरवर आकडा सारखाच. पण पहिलीचं ऑइल वर्षभराने काढलं तरी बोटांत धरल्यावर दाट लागतं. दुसरीचं सहा महिन्यांतच पाण्यासारखं झालेलं असतं आणि नाकाशी नेलं की पेट्रोलचा वास येतो.

तुमच्या गाडीत काय झालंय ते घरबसल्या तपासता येईल. बॉनेट उघडा, ऑइल भरायचं झाकण फिरवून काढा आणि उलटं करून आतली बाजू बघा. तिथे नुसता तेलाचा ओलावा दिसला तर ठीक. दुधाळ, पिवळट, बोटाला साय लागावी तसा थर असेल तर ते ऑइल आणि पाणी घुसळून झालेलं मिश्रण आहे. कमी अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत, विशेषतः पावसाळ्यात, हा थर मी सतत पाहतो. झाकण इंजिनाच्या वरच्या टोकाला असल्याने वाफ तिथेच थंड होते. घाबरू नका, पण त्याच वेळी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टीही काढून बघा. पट्टीवरचं ऑइलही दुधाळ असेल किंवा कूलंटची पातळी दर महिन्याला खाली जात असेल, तर कूलंट ऑइलमध्ये शिरतंय. हेड गॅस्केट, म्हणजे ऑइल आणि कूलंट एकमेकांत जाऊ न देणारं इंजिनातलं सील, गेल्याची ती खूण. अशी गाडी चालवत नव्हे, टो करून गॅरेजला आणा.

फार दिवस उभ्या असलेल्या गाडीचा चेंबरचा बोल्ट सोडताना आणखी एक गोष्ट दिसते. बोल्ट शेवटच्या आट्यावर आला की काळ्या ऑइलच्या आधी बऱ्याचदा पाण्याचे चारदोन थेंब ट्रेमध्ये पडतात आणि ऑइलच्या तवंगाखाली वेगळे दिसत राहतात. पाणी जड, ते तळाशी जाऊन बसलेलं असतं. ऑइल पंपाची जाळीही तळापाशीच असते. म्हणजे पहिला सेल्फ मारला की पंप सगळ्यात आधी काय ओढतो, ते त्या ट्रेमध्ये दिसतं.

आता तुमचा रविवार. नुसत्या चालू ठेवलेल्या इंजिनावर भार नसतो, त्यामुळे उष्णता फार कमी तयार होते. आधण मंद आचेवर ठेवलं की उकळी येत नाही, नुसती वाफ धरत राहते, तसंच ते. थंड स्टार्टचं जास्तीचं पेट्रोल आत गेलं, पाणी तयार झालं, आणि ते उडायच्या आधीच तुम्ही किल्ली बंद केलीत. वर्षात बावन्न रविवार. ज्या बॅटरीसाठी हे करता तिलाही यातून फारसं मिळत नाही, सेल्फ मारताना गेलेला करंट जेमतेम भरून येतो.

त्याऐवजी दहा-पंधरा दिवसांतून एकदा गाडी बाहेर काढा आणि सलग वीस-पंचवीस किलोमीटर चालवा. तुम्ही दादरला राहता, सोपं आहे. रविवारी सकाळी लवकर वरळीहून कोस्टल रोडने मरीन ड्राइव्हला जा, वळसा घालून परत या. सिग्नल नाहीत, त्यामुळे इंजिन एका लयीत चालतं आणि ऑइल खऱ्या अर्थाने तापतं. मुलुंड-भांडुपकडच्यांना ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे आहे, नवी मुंबईकरांना पाम बीच रोड. सुरुवातीची दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवा, रेस करू नका, मग नेहमीसारखं. थोडा वेळ एसी लावा, म्हणजे कॉम्प्रेसरचं सीलही कोरडं पडणार नाही. ब्रेक घासून गंज जातो, टायर एकाच जागी दबत नाहीत. हे जमणार नसेल तर गाडी चालूच करू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा किंवा छोटा चार्जर लावा. महिनाभर शांत उभ्या राहिलेल्या इंजिनाला दर आठवड्याला अर्धवट तापवलेल्या इंजिनापेक्षा कमी त्रास होतो.

किती काळाने बदलायचं, याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू नाही. पेट्रोल गाडी, महिन्यातून दोनदा तरी लांब जाते, ऑइल सिंथेटिक आहे, वॉरंटी संपलेली आहे, तर वर्षाच्या जागी पंधरा-अठरा महिने झाले म्हणून मी कुणाला ओरडणार नाही. त्यापुढे मात्र नाही. तुमच्यासारखी मिश्र वापराची गाडी असेल तर बारा महिने. आणि जी गाडी फक्त शाळा-स्टेशन-बाजार करते, पाच किलोमीटरच्या पुढे जातच नाही, तिचं ऑइल सहा ते आठ महिन्यांत बदलावं. गाडीच्या पुस्तकात अवघड वापरासाठी वेगळा, कमी मुदतीचा तक्ता बहुधा असतो. त्यात छोट्या फेऱ्या, धूळ आणि गर्दीत रखडत चालणं या सगळ्या गोष्टी येतात. मुंबईतली कुठली गाडी त्यात बसत नाही, सांगा.

‘सिंथेटिक टाकलंय, तीन वर्षं बघायला नको’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सिंथेटिक ऑइल उष्णतेने लवकर जळत नाही, हे खरं. पण त्यात पडणारं पाणी आणि पेट्रोल तेवढंच असतं. आम्ल मारण्यासाठी ऑइलमध्ये जी रसायनं घातलेली असतात ती झिजत जातात, ऑइल कितीही महाग असो. ती संपली की आम्ल बेअरिंगच्या मऊ धातूला लागतं. महागडं ऑइल तीन वर्षं ठेवण्यापेक्षा कंपनीने सांगितलेल्या दर्जाचं साधं ऑइल दर वर्षी टाकलेलं मला केव्हाही पसंत. सीलबंद डब्यातलं ऑइल काही वर्षं चांगलं राहतं, म्हणून इंजिनातलंही राहील असं समजू नका. डब्यात पाणी, पेट्रोल आणि धूर जात नाही.

ग्रेडही, म्हणजे ऑइल किती पातळ किंवा दाट ते सांगणारा आकडा, बदलू नका. पुस्तकात ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच. गाडी जुनी झाली म्हणून दाट २०डब्ल्यू-५० भरून देणारे मेकॅनिक अजून आहेत. जुन्या फियाटला ते चाललं. आजच्या इंजिनातले ऑइलचे मार्ग बारीक आहेत, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणाच ऑइलच्या दाबावर चालते. तुमच्या गाडीला तर पातळ ऑइल जास्तच हवं, कारण दहा दिवस उभी राहिल्यावर वरचं सगळं ऑइल खाली निथळलेलं असतं आणि सेल्फ मारल्यावर ते झटपट वर चढलं पाहिजे.

बदलताना गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा आणि गरम असतानाच ऑइल काढायला सांगा. तळाचा गाळ तेव्हा ऑइलबरोबर वाहून येतो. फिल्टर बदलाच, त्यात पाव लीटरच्या आसपास जुनं ऑइल राहतं आणि ते नव्यात मिसळतं. बोल्टचा वॉशर नवा घाला. डबा तुमच्यासमोर फोडायला लावा आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडा किंवा तो कापा. नावाजलेल्या कंपन्यांचे रिकामे डबे भरून परत बाजारात येतात, हे सगळ्या लाइनला ठाऊक आहे. इंजिन फ्लश नावाचं औषध टाकू का, असं विचारलं तर नको म्हणा. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटून पंपाच्या जाळीत अडकतो. गाळ असेलच तर नवं ऑइल टाकून हजारेक किलोमीटर चालवा आणि पुन्हा बदला. जरा खर्च होतो, पण इंजिन हळूहळू साफ होतं.

ऑइल काळं झालं म्हणून खराब झालं, असं मात्र धरू नका. काजळी पोटात घेणं हे त्याचं कामच आहे. उलट सीएनजी गाडीचं ऑइल वर्षभराने काढलं तरी मधासारखं दिसतं आणि मालक म्हणतो, ‘हे तर नवंच आहे, राहू द्या.’ गॅस काजळीविना जळतो म्हणून रंग राहतो. पण ज्वलनातून पाणी पेट्रोलपेक्षाही जास्त होतं आणि ऑइल आतून जाड होत जातं. मुंबईत घरोघर सीएनजी असल्याने हे ठळकपणे सांगतोय: तिथे रंग बघूच नका, तारीख बघा.

डिझेलचं प्रकरण जास्त गंभीर. एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो जाळून साफ करण्यासाठी इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. छोट्या फेऱ्यांत ही सफाई अर्धवट राहते आणि ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं. अशा गाडीची डिपस्टिक दर महिन्याला बघा. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेलेली दिसली तर ऑइल ‘वाढलं’ म्हणून समाधान मानू नका, त्यात डिझेल आहे. लगेच बदला. महिन्यातून दोनदाही हायवे बघणार नसाल तर अशी गाडी तुमच्यासाठी नाही, हे घेण्याआधीच कुणीतरी सांगायला हवं.

केव्हा बदलायचं? जून ते सप्टेंबर गाडी जवळपास उभीच राहणार असेल, तर मे महिन्याच्या शेवटी. पुष्कळ जण उलटं करतात, पावसाळा संपल्यावर बदलतात. म्हणजे वर्षभराचं आम्ल आणि पाणी घेऊन ऑइल चार महिने बेअरिंगवर बसून राहतं. उभी करण्याआधी स्वच्छ ऑइल घाला आणि त्यावर एक लांब फेरी मारून मग कव्हर टाका. पावसाळ्यातही थोडीफार फिरणार असेल तर लक्षात राहील असा दिवस ठरवा. दसऱ्याला गाडीला हार घालताच, त्याच आठवड्यात ऑइलही बदलून घ्या.

परदेशी गेलेल्या मुलाची गाडी दोन-तीन वर्षं तशीच उभी असेल तर किल्ली फिरवून ‘बघू चालू होते का’ हा प्रयोग करू नका. आधी जुनं ऑइल काढा, नवं भरा, टाकीतलं शिळं पेट्रोल काढा. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून थोडा थोडा सेल्फ मारा, म्हणजे इंजिन पेटण्याआधी ऑइल वरपर्यंत पोचेल. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही बघा, ते बहुतेक वेळा निघतंच. आणि सोसायटीत पाणी भरून गाडी बुडाली असेल तर सेल्फला हातही लावू नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर इंजिनं गेली त्यातली कित्येक पाण्याने नव्हे, पाणी ओसरल्यावर घाईने मारलेल्या सेल्फने गेली. सिलेंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

राहिली स्कूटर. तिच्यात ऑइल लीटरभरही नसतं, त्यामुळे तेवढंच पाणी आणि पेट्रोल तिथे कितीतरी जास्त त्रास देतं. शिवाय स्कूटर म्हणजे भाजीवाला ते घर, थंड स्टार्टशिवाय दुसरं काही नाही. वर्षाला हजार किलोमीटर झाले नाहीत तरी सहा महिन्यांनी ऑइल बदला, खर्च फार नाही. मागच्या गिअरचं ऑइल वेगळं असतं, तेही पुस्तकात दिलेल्या मुदतीत बदलून घ्या, गॅरेजमध्ये आठवण केल्याशिवाय ते सहसा कुणी उघडत नाही. गाडीचं उरलेलं ऑइल स्कूटरमध्ये ओतू नका, स्कूटरसाठी डब्यावर जासो (दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) एमबी लिहिलेलं घ्या. घरी मोटरसायकल असेल तर तिला एमए किंवा एमए२ लागतं, कारण तिचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि गाडीच्या ऑइलने तो घसरतो. वहिनींना सांगा, आठवड्यातून एकदा तरी स्कूटर शिवाजी पार्कच्या पुढे माहीमपर्यंत न्या, आणि येताना लांबच्या रस्त्याने या.